जिना नसलेलं घर

यातलं एक अक्षरही माझ्या मनचं नाही. अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या माझ्या संध्यामावशीवर हे ओढवलं. गेल्या मे महिन्यात, भर दुपारी.

त्याआधी हिवाळ्यात मावशी आणि ललितकाका इजिप्तला गेले होते. काका इतिहासाचे निवृत्त मास्तर. मोठे पिरॅमिड सगळेच पाहतात. काकांनी हट्टानं एदफू गावाजवळचा एक लहानसा, पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड गाठला. दुमजली घराएवढाही नाही.

गाईड म्हणाला, "असे अजून काही आहेत. आत खोली नाही, वाट नाही, कोणाला पुरलेलं नाही. नुसते भरीव दगड. कशासाठी बांधले, कोणालाच माहीत नाही."

काकांनी दगडाला कान लावला.

बराच वेळ...

"संध्या, आतून कोणी जिना चढून राह्यलं."

मावशीनंही कान लावला. तिला काहीच ऐकू आलं नाही.

अकोल्याला परतल्यावर काका जेवताना मधेच थांबायचे. हातात घास, नजर भिंतीकडे.

"आलं का ऐकू?"

"आपल्या घराले जिना कुठं आहे?" मावशी म्हणायची. घर बैठं, वर टिनं.

मग ती दुपार आली. लाईन गेलेली, कूलर बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. काका आतल्या खोलीत आडवे झाले. त्या खोलीला एकच दार, आणि त्या दारातच मावशी गहू निवडत बसली होती.

तेव्हा तिला पहिल्यांदा ऐकू आलं...

थप्. थप्. थप्.

भिंतीच्या आतून. कोणीतरी चढत होतं.

आणि त्यामागून दुसरी पावलं...

ही तिच्या ओळखीची होती.

ती वळली. पलंग रिकामा. चादर घामानं अजून ओली. खिडकीचे गज जागच्या जागी.

"अहो..."

पावलं थांबली.

मग पुन्हा वर निघाली.

पोलीस येऊन गेले. मुलानं, स्वप्निलनं, भिंत फोडून पाहिली. विटा आणि माती. भरीव. काका आजही सापडलेले नाहीत.

मागच्या आठवड्यात मी मावशीला न्यायला गेलो. ती उरलेल्या भिंतीला कान लावून बसली होती.

"चाल मावशी, अमरावतीले."

"ते थकले आता," ती हळू आवाजात म्हणाली. "मधात मधात थांबतात. मी घरी नसली अन् त्याइनं आवाज देल्ला, तर?"

मी एकटाच परत आलो.

तेव्हापासून मी कुठल्याच भिंतीला टेकून बसत नाही.