टेपवाल्याच्या गाडीत माझा फोन वाजत नाही

आधी तक्रार सांगते, मग गोष्ट.

टेपवाला माझा फोन घेत नाही. गाडी चालवत होतो म्हणतो... असेल. पण काचवाल्याचा घेतो, बॅटरीवाल्याचा घेतो, स्वतःच्या मुलीचा तर पहिल्या घंटीला घेतो. मी केला की तिकडे चिडीचूप, आणि वर माझ्या फोनवर यंत्रातली बाई बोलते, "ते गाडी चालवत आहेत, नंतर प्रयत्न करा." माझ्या एका हाकेला तीन मुलं, दोन सुना आणि एक जावई ताडकन उठून उभे राहतात, आणि ही कोण कुठली बाई मला सांगते, नंतर या!

पाठीमागे मी त्याला एकेरी बोलते. तोंडावर अहो-जाहो करते. वय झालंय दोघांचं, तेवढी रीत पाळावी लागते.

मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण मशीनवर. नवरा गेला तेव्हा धाकटी कडेवर होती. त्याच्या मशीनवर बसले ती तीन मुलं मार्गी लावूनच मान वर केली. आता ती तीन गावांना असतात. रविवारी ओळीने फोन करतात, धाक आहे माझा. पण सोमवार ते शनिवार धाक दाखवायचा कुणाला? कामाच्या दोन बायका पाचला मशिनी झाकून घरी जातात, आणि मग जिन्यावर माझीच चप्पल मला ऐकू येते. एक ताट, एक पेला. बातम्या लावून ठेवते. ऐकत नाही, पण घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं.

थोरल्याने गाडी घेऊन दिली. "आई, तेवढंच मन रमेल." माझी जुनी व्हॅन मी वीस वर्षं हाकली, तिच्यात हॉर्न सोडून काही वाजत नव्हतं. या गाडीत पुढे ताटाएवढा टीव्ही. सुट्टीत आलेल्या नातवाने त्यात आपली गाणी भरून ठेवली आणि गेला. एक दिवस ऐन रस्त्यात ती बोंबलायला लागली. मी बंद करायला बोट लावलं तर नकाशा आला. दुसरीकडे लावलं तर तोंडावर गार वारा. तिसरीकडे लावलं तर थोरल्याचा फोटो, आणि गाणं चालूच. मान वर केली तेव्हा मी फूटपाथवर होते आणि समोर खांब. खांब हलला नाही. माझा स्वभाव तर तुम्हाला कळलाच असेल. वाकली ती गाडी.

तशीच नेली टेपवाल्याकडे. हा माणूस पूर्वी गाड्यांत टेप बसवायचा. आता स्क्रीन, स्पीकर, कॅमेरे बसवतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बारीक चणीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अंगाला वितळलेल्या कथलाचा वास.

"हा टीव्ही काढून टाका," मी म्हटलं.

"निघत नाही बाई. गाडीतली गार हवासुद्धा यातूनच चालते."

"मग गाडीच परत करते."

"करा. खांब मात्र तिथेच राहील."

मला कुणी उलट बोलून किती वर्षं झाली होती, मोजावं लागलं असतं. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं... एवढंच. पण बराच काळ कुणी आपल्याकडे नीट पाहिलेलं नसलं की एवढंही पुष्कळ होतं.

"शिवताना नजर कुठे असते तुमची?" त्याने विचारलं.

"सुईवर."

"आणि पाय?"

"पाय आपला पायडलवर. त्याला काय बघायचंय?"

"मग अर्धं तुम्हाला येतंच."

त्याने गाडी उभी ठेवून सगळं मांडून दिलं. नातवाची गाणी काढली. आवाज एवढाच ठेवला की मागून रुग्णवाहिका आली तर ऐकू यावी. मला इंग्रजी अक्षरं पटकन लागत नाहीत, हे मी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं. मुलांच्या नावांऐवजी त्याने त्यांचे फोटो लावले. स्टिअरिंगवरची बटणं मला डोळे मिटून चाचपायला लावली. "हे फोन घ्यायचं, हे ठेवायचं, हे आवाजाचं. स्क्रीनकडे बोट न्यायचंच नाही. पत्ता घालायचा, गाणं लावायचं, ते निघायच्या आधी. चालत्या गाडीत काही बदलावंसं वाटलं तर गाडी कडेला घ्यायची."

"एवढीशी नजर टाकली तर काय होतं हो?"

"उद्या या. मापाची पट्टी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात त्याने मला नेलं. मोकळं डांबर, कुत्रंसुद्धा नाही. भुरभुर पाऊस होता, काचेवर जेमतेम दिसेल इतका. मी चालवत होते, तो शेजारी. माझ्याच टेबलावरचे खडूचे दोन तुकडे त्याच्या हातात.

"तिसावर ठेवा. आता स्क्रीनमध्ये थोरल्याचा फोटो शोधा."

मी शोधला. मान वर करते तोवर त्याने दोन्ही खडू खिडकीतून टाकले होते, एक माझी नजर खाली गेली तेव्हा, दुसरा वर आली तेव्हा.

"आता मोजा."

दोन म्हातारी माणसं ओल्या डांबरावर ओणवी होऊन दीड मीटरची पट्टी टाकत निघाली. एक टोक त्याच्या बोटाखाली, दुसरं माझ्या. सतरा वेळा टाकली. सतराव्या वेळी पट्टी दुसऱ्या खडूला टेकली... आणि त्याच खडूवर दोघांची बोटंही. त्याने हात काढला नाही. मीही नाही. मी हिशेब करत होते म्हणून, असं आपलं मी म्हणते.

"साडेपंचवीस मीटर," मी म्हटलं. "दोन गाड्यांच्या अख्ख्या सीटा होतील एवढं कापड."

"एवढा रस्ता तुम्ही आंधळ्या चाललात, बाई. एका फोटोसाठी."

त्या दिवसापासून मी चालत्या गाडीत स्क्रीनला बोट लावलं नाही. पण शिकणं एवढ्या लवकर संपलं, हे काही मला बरं वाटलं नाही. मग माझ्या गाडीत बिघाड व्हायला लागले. कधी चार्जिंगची वायर सैल, कधी घड्याळ पुढे. एकदा मागचा कॅमेरा दिसेना. टेपवाला गाडीमागे वाकला, नखाने काहीतरी सोलून हातात घेऊन आला.

"कॅमेऱ्यावर रेक्झिनचा तुकडा चिकटला होता."

"पोरं असतील कुणाची तरी."

"असतील..." त्याने तो उजेडात धरला. "कडा दुमडून टीप घातलीय बघा. पोरं फार नीटनेटकी दिसतात तुमच्याकडची."

मी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कान गरम होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तो तुकडा फेकला नाही. खिशात ठेवला.

हे असं सात-आठ महिने चाललं. मग एका दुपारी तो मला त्याच्या गाडीतून स्पीकर दाखवायला घेऊन निघाला असताना त्याच्या मुलीचा फोन आला. त्याने अंगठ्याने बटण दाबलं, नजर रस्त्यावर. चार तासांच्या अंतरावर राहते ती. "बाबा, या महिनाअखेर घेऊनच जाते तुम्हाला. दुकान पुरे झालं आता. एकटे मरून पडाल तिथे, कळणारही नाही कुणाला." तो म्हणाला, "बघू." मग म्हणाला, "बरं."

मला उतरवलं तेव्हा वाटेतला भुरभुर पाऊस थांबला होता. वायपर मात्र कोरड्या काचेवर करकरत राहिला, बंद करायचं भान दोघांनाही नव्हतं.

घरी आले. ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. रात्रभर ठरवलं आणि सकाळी फोन केला. एकच वाक्य बोलायचं होतं, 'जाऊ नका.' यंत्रातली बाई बोलली. दुपारी केला, पुन्हा तीच. दुसऱ्या दिवशीही तीच. मी काचवाल्याला सहज म्हणून विचारलं, गाडी चालवताना टेपवाला फोन घेतो का हो? काचवाला म्हणाला, "घेतो की. बटण दाबून बोलतो, आत्ताच बोललो."

म्हणजे फक्त मी!

पाच दिवस मी त्याचं नाव काढलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी माझी जात. या पाच दिवसांत मी अकरा गाड्यांची कव्हरं शिवली आणि त्यातली चार उसवली. रविवारी मुलांचे फोन आले. "कशी आहेस?" "बरी आहे." तिघांनाही तेच सांगितलं. तिघांनाही खरं वाटलं. धाकाचं असंच असतं, समोरचा दुसऱ्यांदा विचारत नाही.

सोमवारी भर दुपारी मी त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. फळ्या अर्ध्या रिकाम्या. तो जुन्या वायरींची वेटोळी खोक्यात भरत होता.

"बसा ना, बाई."

"बसायला आले नाही. फोन दाखवा तुमचा."

"कशाला?"

"मला सांगताना नाही लाजलात, चालत्या गाडीत कसं वागावं ते. आता तुम्ही कसं वागता ते मला बघायचंय. गाडी चालू असली की कुणाकुणाचा फोन बंद होतो, ते दाखवा."

तो खूप वेळ चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मग त्याने फोन उघडून माझ्यापुढे धरला. यादी कसली, एकच ओळ. नाव नव्हतंच, चित्र होतं. शिवणाचं मशीन.

"ही मी?"

"तुम्ही."

"एकटी?"

"एकट्याच."

"एवढी अडचण होते माझी?"

"ऐकून तरी घ्या..." त्याने फोन खोक्यावर ठेवला. "उन्हाळ्यात एकदा घेतला होता तुमचा फोन. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, सगळं मी शिकवतो तसंच. तुम्ही कॅमेऱ्याचं काहीतरी बोललात. आणि ठेवता ठेवता म्हणालात— जेवलात का?"

"मग?"

"मग पुढचा रस्ता मला आठवतच नाही. दिवा लाल होता. मी सरळ गेलो. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन खाली उतरत होती... तिने ओढून मागे घेतली म्हणून. नाहीतर..."

त्याने खोक्यावर हात टेकला.

"हात मोकळे ठेवा, डोळे रस्त्यावर ठेवा, हे मी सगळ्यांना सांगतो. बाकी कुणाशीही बोलताना माझं मन जागेवर असतं. मुलगी विचारते, गोळ्या घेतल्या का. काचवाला विचारतो, गाडी कधी देता. बायको गेल्याला चौदा वर्षं झाली, जेवलात का हे कुणी विचारलं नव्हतं. त्याच दिवशी घरी येऊन तुमचा आवाज बंद करून ठेवला. माझ्या जिवाचं काही नाही हो. रस्त्यावर दुसऱ्याचं लेकरू असतं."

मला त्या दिवशीचं आठवलं. मी दोघांपुरता स्वयंपाक करून बसले होते, चुकून. चुकूनच म्हणायचं.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टुकटुक थांबल्यावर मी खोक्याजवळ सरकले.

"पोचल्यावर परत करायचा होता," मी म्हटलं. "फोन."

"पोचेपर्यंतही धीर नसायचा. घंटी वाजली नाही तरी निरोप दिसायचा, पुढे मोकळी जागा आली की गाडी कडेला लावायचो, फोन हातात घ्यायचो... आणि वाटायचं, मोठ्या घरची मालकीण ती. हसेल."

"या वेळीही?"

"या वेळी तर दोनदा लावली गाडी कडेला. तुम्ही काय बोलणार ते ठाऊक होतं. सुखाने जा म्हणणार."

"आणि मी तसं म्हटलं असतं तर गेला असतात?"

त्याने खोक्यातलं एक वेटोळं काढलं, पुन्हा आत ठेवलं, पुन्हा काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला जायचं नाही."

"मोठ्याने बोला. माझ्याकडे बघून बोला. आता गाडी चालत नाहीये."

त्याने मान वर केली. चष्म्याच्या काचा ओल्या होत्या, आणि त्यामागचे डोळेही.

"मला जायचं नाही. तुम्हाला सोडून... नाही."

मी पुढे झाले, त्याच्या हातातलं वेटोळं काढून घेतलं आणि रिकाम्या फळीवर ठेवलं. आणि त्याला तोंडावर सांगितलं—

"तुम्ही भित्रे आहात, टेपवाले. आणि मी गर्विष्ठ. आता या वयात दोघंही सुधारणार नाही, तेव्हा तो नाद सोडा. उद्या मुलीच्या गावाला जायचं, पण सामान घेऊन नाही, मला घेऊन. 'तुझा बाप इथेच राहणार आणि एकटा राहणार नाही,' हे तिला मी सांगेन. तुमच्याच्याने व्हायचं नाही ते. गाडी तुम्ही चालवा. मी शेजारी बसेन. आणि माझं ते यादीतलं चित्र राहू द्या तसंच, बरोबर केलंत तुम्ही. वाटेत मी एक अक्षर बोलणार नाही. बोलायचं ते घरी येऊन."