दारावरचे तीस सेकंद

बूट माझ्या पायात होता आणि दारावरचं किरणोत्सार तपासणारं यंत्र कोकलत होतं.

"उजवा बूट काढा," नवा तपासनीस म्हणाला.

"काढून?"

"ठेवून जा. तो आता आमचा."

माझं काम मातीचं. किरणोत्सारी कचरा जमिनीत खोल पुरताना त्याच्याभोवती कुठली चिकणमाती भरावी, ते आम्ही तपासतो. त्या दिवशी सीझियम मिसळलेला थेंबभर चिखल बुटावर उडाला होता आणि मी तो पाण्याने धुतला होता. सात वर्षं मातीत काढलेल्या बाईने...

"धुऊन निघालं नाही?" त्याने विचारलं.

"निघणारच नाही. या मातीत पापुद्रे असतात, वहीच्या पानांसारखे. सीझियम आत शिरलं की पानं मिटतात. मग पाणी ओता, नाहीतर देव पाण्यात ठेवा."

"म्हणजे एकदा धरलं की सोडत नाही."

"माती," मी घाईघाईने म्हणाले. कान मात्र तापले.

एका पायात बूट, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी, अशी घरी गेले. आई म्हणाली, "वेंधळेपणा करून वर हसतेस कसली?"

मग रोज संध्याकाळी यंत्रात हात घालून उभं राहायचं. तीस सेकंद. समोर तो.

"आज काय पकडलंत, मातीवाल्या बाई?"

"स्ट्रॉन्शियम. सकाळी धरलं, दुपारी सुटलं."

"बेभरवशाचं दिसतंय."

"सगळेच सीझियम नसतात..."

त्याने मान वर केली आणि मी यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत राहिले. मला तो आवडायला लागला होता, झाकून काय उपयोग?

अशात पत्र आलं. दूरच्या खाणीत, जमिनीखालच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची नेमणूक, उत्तर शुक्रवारपर्यंत. याच कामाची मी सात वर्षं वाट पाहिली होती. पण 'हो' लिहायला हात धजेना. कारण दारावर उभं होतं.

गुरुवारी तो रजेवर होता. त्याच्या जागी म्हातारे तपासनीस काका.

"झालं, जा."

"काका, तीस सेकंद..."

"दहाच लागतात, पोरी. सगळ्यांना दहाच."

शुक्रवारी मी यंत्रात हात घातलेच नाहीत. "माझे रोजचे वीस सेकंद कुणी खाल्ले?"

तो लालबुंद झाला. "मी. चुकलं... नियमात बसत नाही."

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही खाणीत जाणार असं कानावर आलं. म्हटलं, इतकी चांगली संधी, आपण मधे कशाला तडमडा. म्हणून काल तिकडे मुलाखत देऊन आलो. तिथेही दारावर माणूस लागतो."

"आणि मी नकार दिला असता तर?"

"तर दोन वर्षं खाणीत मी एकटाच."

मी इतकी हसले की मागची रांग कुरकुरायला लागली. त्याच्याच टेबलावर, त्याच्याच पेनाने मी पत्रावर 'हो' लिहिलं.

"निकाल कधी तुझा?" मी विचारलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"सोमवारी. नाही झालं तर..."

"तर दर रविवारी मी खाणीतून वर येईन, तुला भेटायला. पण माझा जीव तुझ्यावर आहे, हे आत्ताच ऐकून ठेव."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. ते अजून तपासलेले नाहीत, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. रांगेतल्यांच्या मात्र होतं. मग नियमाप्रमाणे आम्हा दोघांना, एकामागून एक, यंत्रापुढे उभं राहावं लागलं.