कुंदनभाऊंची फ्लॉपी

"व्हायरस शिरलाय! फॉरमॅट! दुसरा इलाजच नाही!" कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कुंदनभाऊंनी निकाल देऊन टाकला.

सुवर्णाताईचा चेहराच उतरला. सोमवारी कॉलेजात द्यायचा तिचा बासष्ट पानी प्रोजेक्ट त्याच कम्प्युटरमध्ये होता, आणि फॉरमॅट म्हणजे सगळं साफ! दुसरी प्रत? कसली प्रत अन् कसलं काय!

"पण भाऊ, अँटिव्हायरस तुम्हीच टाकला होता ना?" धाकट्या हर्षालीने विचारलं.

"मग! म्हणून तर एवढे दिवस टिकला!" असं म्हणत भाऊ मुलींच्या वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, ओट्यावर चहाला गेले.

हर्षालीने घोटीहून सुट्टीला आलेल्या योगेशला, आपल्या चुलतभावाला, कोपऱ्यात ओढलं. "गडबड आहे रे! भाऊ येऊन गेले की कम्प्युटर जास्तच बिघडतो. शेजारच्या सुलाकाकूंकडेही तेच! आणि दोन्हीकडे अँटिव्हायरस टाकायला भाऊंची फ्लॉपी एकच!"

"तिचीच झडती घेऊ! पण तोवर फॉरमॅट केलं तर?"

"करतील कसं?" हर्षालीने कम्प्युटरची वायरच उपसून दप्तरात कोंबली! मग मोठ्याने म्हणाली, "भाऊ, तुमची फ्लॉपी जरा नेऊ?"

"ने की!" भाऊ बशीतून फुरका मारत म्हणाले. त्यांना काय त्याचं!

डबलसीट सायकल सुटली ती थेट पंचवटीत. सायबर कॅफेच्या भाग्यश्रीमावशींनी फ्लॉपी तपासली, तर पडद्यावर लाल इशारा!

"बाप रे, तीन व्हायरस! आणि ह्यातल्या अँटिव्हायरसकडची व्हायरसची यादी १९९८ची! आता २००२ चालू आहे. नवे व्हायरस त्याला ओळखू येणार कसे?"

दोघं घरी पोहोचले, तर वायरीसाठी नुसता गोंधळ!

"आगाऊ कार्टे!" अण्णा कडाडले.

"अण्णा, मंडईत तुम्ही शिळी मेथी विकता?" हर्षालीने न घाबरता विचारलं.

"नाय बा! गिऱ्हाईक तोंडावर फेकंल!"

"मग व्हायरसची यादी चार वर्षांची शिळी कशी चालते? तीन व्हायरस ह्या फ्लॉपीनेच घरात आणलेत!"

अण्णांनी फ्लॉपी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाले, "कंचा घ्यायचा, तू सांग."

"ज्याची यादी दर आठवड्याला ताजी मिळते तो! फोनवरून इंटरनेट जोडून उतरवायची."

"फोन अडकंल की तेवढा वेळ!"

"अडकू दे ना, अण्णा!" सुवर्णाताई रडकुंडीला येऊन म्हणाली.

संध्याकाळपर्यंत नवी सीडी आली, यादी उतरली, तिन्ही व्हायरस हाकलले गेले. ताईने फाइल उघडली. बासष्टच्या बासष्ट पानं जागेवर! तिने हर्षाली आणि योगेशला अशी मिठी मारली की दोघं गुदमरलेच.

कुंदनभाऊ खाली मान घालून म्हणाले, "हर्षे, माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडं येशील का गं?"

"कुंदन," अण्णा मिशीला पीळ देत म्हणाले, "आधी तिला मॅडम म्हण!"