आला की आलं

सलग चौथा रविवार शालिकरामचा नंदनवन वस्तीत चालला होता, तोही एकाच घराच्या गच्चीवर. एखाद्याची साडेसाती असते, तशी ही गच्ची त्याच्या मागे लागली होती.

तो सीताबर्डीच्या एका दुकानातर्फे टीव्हीचे अँटेने बसवायचा. हात चांगला होता, दुसरीकडून कधी तक्रार नसे. पण इथं तो अँटेना पश्चिमेला, टॉवरच्या दिशेनं नीट बसवून जाई आणि गुरुवारपर्यंत दुकानात तक्रार हजर. काल मालकानं सरळच सांगितलं होतं, "उद्या काम झाल्याच्या कागदावर त्या घरच्या काकाजीची सही आण, नाही त सोमवारी येऊच नको." घरी खाणारी पाच तोंडं होती. नोकरी गेली तर काय करायचं, या विचारानं त्याला रात्रभर झोप नव्हती.

दारात ते काकाजी, गोपाळराव, उभेच होते. पोस्टातून निवृत्त झालेला, तिरसट माणूस. "या! आज पुन्हा पाय फुटले तुमच्या अँटेन्याले."

शालिकराम तडक वर गेला. अँटेना खरंच फिरला होता. तोंड पूर्वेला, वाठोड्याच्या शेतांकडे. तिकडे तुरीच्या धसकटांशिवाय काही नव्हतं. मागच्या खेपेला त्यानं नट आवळून त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका जागच्या जागी होता, त्याला साधा तडाही गेला नव्हता.

या कामाला दोन माणसं लागतात. वरच्यानं दांडा फिरवत विचारायचं, खालच्यानं पडद्याकडे पाहून ओरडायचं. त्यानं नट सैल करून अँटेना पश्चिमेला वळवला.

"आलं काय, काकू?"

"नाही!" खालून गोपाळरावांच्या पत्नी कुसुमताई ओरडल्या.

"आता?"

"नाही, भाऊ! मुंग्याच दिसून राहिल्या!"

थोडा इकडे, थोडा तिकडे. नाही आणि नाही. वैतागून त्यानं दांडा गर्रकन फिरवला. अँटेना पूर्वेला आला, तेव्हा खालून बाईचा आवाज आला, "आला."

आवाज मोठा नव्हता, पण कानाशी बोलल्यासारखा स्पष्ट होता. यांना चित्र आलं एवढंही धड म्हणता येत नाही, असं पुटपुटत तो खाली उतरला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

"आला म्हटलं ना तुम्ही?"

"मी कुठं म्हटलं, भाऊ? मी त नाही, नाहीच ओरडून राहिली."

"आणखी कोण आहे घरात?"

"आम्ही दोघंच," गोपाळराव म्हणाले. "काहून? तुमच्याच्यानं होत नसंल त तसं सांगा."

शालिकरामच्या कानशिलांतून जाळ निघाला. म्हातारा-म्हातारी आपली थट्टा करताहेत, याबद्दल त्याला शंका उरली नाही. तो तरातरा वर गेला, अँटेना पश्चिमेला ओढला आणि घाम पुसायला दांडा सोडला.

दांडा आपोआप फिरू लागला.

वारा नव्हता. दोरीवरची लुगडी जराही हलत नव्हती. अँटेना सावकाश फिरत पूर्वेला गेला आणि थांबला. शालिकरामनं काहीच विचारलं नव्हतं.

"आला," खालून आवाज आला.

त्याला भीती वाटली, पण भीतीपेक्षा रागच जास्त आला. चार रविवार, हे ऊन, तो मालक, ती सही. कठड्यावरून वाकून तो ओरडला, "आला, आला! आला असंल त बसवा ना त्याले घरात! पाणी द्या!"

खाली पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला.

मग कुसुमताईंचा हरखलेला आवाज आला. "आलं, भाऊ! एकदम साफ आलं!"

अँटेना पूर्वेलाच होता. त्यानं नट आवळला आणि खाली आला. पडद्यावरच्या बाईच्या कुड्यांतले मोती मोजता येत होते. गोपाळरावांनी मुकाट्यानं कागदावर सही केली. शालिकरामनं घडी घालून तो खिशात घातला. नोकरी वाचली. हायसं वाटून त्याला एकदम तहान लागली.

टीव्हीसमोर निवारीच्या पट्ट्यांनी विणलेली रिकामी खाट होती. तिच्याजवळच्या स्टुलावर पेला होता. त्यानं तो उचलला. पेला रिकामा होता, पण बाहेरून अजून ओला होता.

"तो तुमचा नव्हे, भाऊ," कुसुमताई म्हणाल्या. "तुमच्यासाठी आणते ना. तुम्हीच म्हटलं, पाणी द्या म्हणून."

मागं खुर्चीवर बसलेले गोपाळराव मान वाकडी करून पडद्याकडे पाहत होते. "थोडा सरक गा तिकडं, दिसून नाही राहिलं मले."

शालिकराम घाईनं बाजूला झाला.

"तुम्ही नाही हो," गोपाळराव चिडून म्हणाले.

खाटेच्या मधोमध निवार खाली दबलेली होती. तो खोलगट भाग हळूहळू, करकरत, काठाकडे सरकला.