चावीविना धावलेली गाडी

चावीवाल्या बाईने सकाळी दहाला दुकानाचं शटर वर केलं, तोच पोलिसांची जीप दारात येऊन थांबली. आधी इन्स्पेक्टर उतरले. पण तोंड उघडलं ते त्यांच्या मागून उतरलेल्या साहेबांनी.

"हीच ती चोर! हिनेच नेली माझी गाडी!"

साहेबांचा आवाज असा की समोरचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला. पाठोपाठ अख्खी गल्ली.

आठच दिवसांपूर्वी बाईने साहेबांच्या त्या महागड्या, बटणाने चालू होणाऱ्या गाडीला दोन नव्या चाव्या जोडून दिल्या होत्या. काल सकाळी गाडी पोर्चमधून गेली, आणि बँकेत न्यायची दागिन्यांची बॅगही डिकीतून गेली.

"एक चावी माझ्या खिशात, दुसरी घरच्या कपाटात," साहेब गरजले. "मग तिसरी कुणी बनवली?"

"काल नऊ वाजता तुम्ही कुठे होतात?" इन्स्पेक्टरांनी बाईला विचारलं.

"घरी. एकटी."

"मग परवाना जप्त होईल. चाव्या जोडायचं मशीनही."

अठरा वर्षं लोक डोळे झाकून तिच्या हातात घराच्या नि गाड्यांच्या चाव्या देत होते. चोर म्हणून नाव झालं, तर उद्या तिला उंबऱ्यापाशी कोण उभं करणार?

"गाडी सापडली?" बाईने विचारलं.

"काल दुपारीच. गोदामांच्या गल्लीत, घरापासून दहा मिनिटांवर. बॅग गायब."

"कडेला लावलेली?"

"छे! एका दारासमोर आडवी. ट्रक अडले म्हणून तर आम्हाला फोन आला."

"नादुरुस्त होती?"

"मुळीच नाही," साहेब म्हणाले. "मी चावी घेऊन गेलो, बटण दाबलं, लगेच चालू झाली."

बाईने मशीनची पेटी उचलली. "मग मी नेली नाही. चला, गाडी दाखवा."

साहेबांच्या पोर्चमध्ये गाडीजवळ त्यांची बायको, ड्रायव्हर आणि बायकोचा भाऊ, म्हणजे साहेबांचा मेहुणा, उभे होते. मेहुणा फरश्यांचा व्यापारी, माणूस तोंडाळ.

"आली का मास्तरीण? त्या दिवशी मोठी शाळा घेत होती!"

शाळा खरीच घेतली होती. नवी चावी देताना बाईचा एक शिरस्ता असे. गाडी चालू करायची आणि चावी घेऊन गिऱ्हाइकाला फाटकापर्यंत पाठवायचं. इंजिन चालूच राहतं. मग ते बंद करून पुन्हा बटण दाबायला लावायचं, म्हणजे चावी जवळ नसेल तर गाडी ढिम्म हलत नाही हे ज्याचं त्याला कळतं. त्या दिवशी साहेब चावी घेऊन फाटकापर्यंत गेले होते. इंजिन चालूच राहिलेलं पाहून मेहुणा हसला, "मग चावी हवीच कशाला?" आणि फोन वाजला म्हणून आत गेला. त्यानंतर ड्रायव्हर सहा वेळा बटण दाबून दमला होता.

बाईने मशीन गाडीला जोडलं आणि पडद्यावर आलेल्या गाडीच्या कालच्या नोंदी मोठ्याने वाचल्या. "नऊ दहाला गाडी चालू, दोन नंबरच्या चावीने. नऊ अकराला चावी गाडीबाहेर. नऊ बावीसला इंजिन बंद. त्यापुढे चालू करायचे नऊ प्रयत्न. सगळे फुकट."

"दोन नंबरची म्हणजे कपाटातली," साहेबांची बायको पुटपुटली.

"तेव्हा घरात कोण होतं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मी वरच्या खोलीत. हे अंघोळीला. ड्रायव्हर स्वयंपाकघरात चहा घेत होता. आणि ह्या दादाने बॅग डिकीत ठेवायला मदत केली, मग तो निघाला."

साहेबांनी ड्रायव्हरची कॉलर धरली. "नमकहराम!"

"सोडा त्याला," बाई कडाडली. "तिसरी चावी असती, तर चोर नऊ वेळा बटण दाबत बसला नसता. त्याच्याजवळ चावीच नव्हती. घरातल्या चावीने त्याने गाडी चालू केली, चावी परत कपाटात ठेवली आणि चालू गाडी घेऊन निघाला. का? म्हणजे आळ माझ्यावर यावा."

"हे ड्रायव्हरही करू शकतो," इन्स्पेक्टर म्हणाले.

"करू शकतो. पण वाटेत त्याने इंजिन बंद केलं नसतं. चावीशिवाय पुन्हा चालू होत नाही हे त्याने स्वतःच्या बोटाने पाहिलंय. चोराला गाडी लांब नेऊन टाकायची होती. आधी बॅग लपवायला तो मिनिटभर थांबला आणि सवयीने बटण दाबून बसला. गाडी तिथेच अडकली. त्याने माझी शाळा अर्धीच पाहिली होती."

सगळ्यांच्या नजरा मेहुण्याकडे वळल्या.

"काहीही बरळते ही!" तो ओरडला. "पुरावा काय?"

"फरश्या कुठे ठेवता?" इन्स्पेक्टरांनी शांतपणे विचारलं.

मेहुणा फाटकाकडे सरकला. बोलली ती त्याची बहीण, आणि बोलताना तिचा आवाज फाटला. "दादा, तुझं गोदाम त्याच गल्लीत आहे ना रे? माझेच दागिने, दादा?"

तासाभरात बॅग फरश्यांच्या थप्पीमागे सापडली. मेहुण्याला घेऊन हवालदार गेला.

साहेब घसा खाकरून बाईजवळ आले. "झालं गेलं विसरा, बाई. माफ करा."

"इथे नको," बाई पेटी बंद करत म्हणाली. "माझ्या गल्लीत चला. शिंप्यासमोर म्हणा."

"अहो, मी फोन करून सांगतो ना सगळ्यांना!"

"चोर म्हणायला फोन केला होतात?"

साहेबांनी आशेने इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. इन्स्पेक्टरांनी जीपचं दार उघडून धरलं.

गल्लीत पोचल्यावर साहेबांचा आवाज पार बसला. शिंपी कानामागे हात धरून उभा राहिला, आणि साहेबांना ते तीनदा म्हणावं लागलं.