कार्डावरचा नकार

सकाळी साडेनऊला भाषाखोलीत तोंडी परीक्षा सुरू झाली, आणि पहिल्याच मिनिटाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने टेबलपंखा बंद केला.

"रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते," तो म्हणाला. "माफ करा."

"मग खिडक्याही लावा. बाहेर पाऊस आहे, तोही काही गप्प बसणाऱ्यातला नाही," फ्रेंचची शिक्षिका म्हणाली.

त्याने खिडक्या लावल्या. ठरलेल्या परीक्षक बाई आजारी पडल्या म्हणून हा ऐनवेळी आला होता. उद्या दुसरी शाळा, दुसरं गाव. ओली छत्री कुठे ठेवावी हे न कळून त्याने ती शेवटी खुर्चीखाली सरकवली आणि अंग चोरून पाय बाजूला घेतले.

काम साधं होतं. दहावीतली मुलं एकेक करून येणार, कार्ड उचलणार आणि त्यावरचा प्रसंग फ्रेंचमधून निभावणार. कुणी डॉक्टरची वेळ मागायची, कुणी मैत्रिणीला कॉफीला न्यायचं. समोरच्या माणसाची भूमिका शिक्षिकेची, गुण द्यायचे परीक्षकाने. कार्डं वेगळी, साचा एकच : तिने आधी 'नाही' म्हणायचं. मुलाने एखादं कारण देऊन पुन्हा विचारायचं. मग तिने 'हो' म्हणायचं.

"व्याकरण चुकलं तरी चालेल, बोलणं थांबवू नका," हे ती मुलांना वर्षभर सांगत आली होती, आजही प्रत्येकाला आत येताच सांगत होती. सांगून सांगून घसा बसला होता.

दुपारपर्यंत ती इतक्यांना नाही म्हणाली की जीभ आपोआप वळायला लागली. एक मूल बाहेर गेलं की दुसरं येईपर्यंत तो उठून टेबलपंखा लावायचा. आधी पंखा दोघांच्या मधोमध होता. मधल्या सुट्टीनंतर तिच्या लक्षात आलं की सगळा वारा आपल्याकडेच येतोय, आणि त्याच्या शर्टाची पाठ भिजलीय.

"कार्डावरचा हा नकार कुणी लिहिलाय?" कागद चाळत त्याने विचारलं. "'आज जमणार नाही, घरी काम आहे.' फार सराईत वाटतो."

"मी लिहिलाय. रोजचा सराव आहे. माझी धाकटी बहीण तर मी तोंड उघडायच्या आत म्हणून दाखवते."

"आणि… खरंच काम असतं?"

"वह्या असतात."

"वह्या काय, उद्याही असतात."

"उद्या उद्याच्या असतात, सर."

तो हसला. तीही हसली असती, पण दार वाजलं.

वर्षभर वर्गात 'हजर' याखेरीज काही न बोललेली मुलगी आत आली. तिला कॉफीचं कार्ड मिळालं. तिने विचारलं, शिक्षिकेने ठरल्याप्रमाणे नकार दिला, आणि मुलगी गप्प झाली. रेकॉर्डर चालूच होता. मुलीने ओढणीचं टोक पिळलं, शिक्षिकेकडे नीट पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करून फ्रेंचमधून म्हणाली, "तुम्ही… दमलेल्या. मी… बघते. कॉफी. चला."

शिक्षिकेला पुढचं वाक्य पाठ होतं, तरी ते यायला वेळ लागला.

मुलगी गेल्यावर त्याने पेन उचललं. "वाक्यरचनेचे गुण देता यायचे नाहीत. क्रियापदं सगळी अर्धवट."

"नका देऊ. पण संवादाचे?"

"ते तुम्ही सांगा. तुमच्यापर्यंत पोचलं?"

"मी उठून निघालेच होते," ती म्हणाली.

त्याने संवादाचे पूर्ण गुण मांडले. मांडताना वर पाहिलं नाही, पण कान लाल झाले होते.

साडेचारला शेवटचं मूल गेलं. शिपाईमामा पाकिटं सीलबंद करून घेऊन गेले. खिडक्या उघडल्या, पंखा दोघांकडे वळला. छत्री खुर्चीखालून काढताना तो म्हणाला, "कोपऱ्यावर एक जागा दिसली येताना. गर्दी नसते… म्हणजे, तुम्हाला वेळ असेल तर… कॉफी?"

"आज जमणार नाही, घरी काम आहे," ती म्हणाली.

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा ती वह्यांचा गठ्ठा बांधत होती. गाठ मारून होईपर्यंत तिला कळलं की आपण काय बोललो.

"हो. बरोबर आहे. थकला असाल," तो म्हणाला आणि मान लववून गेला.

ती गठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्यांदा विचारलं नाही त्याने. परीक्षेत असता तर गुण गेले असते. या विचाराने आलेलं हसू लगेच विरलं. दुसऱ्यांदा विचारायला तिने आजवर कुणाला जागा ठेवली होती? बहीण बिचारी विचारते, ती बहीण म्हणून. हा उद्या दुसऱ्या गावी असेल आणि वह्या इथेच असतील.

गठ्ठा टेबलावर ठेवून ती जिना उतरली. फाटकापर्यंत येताना एक चप्पल पाण्यात गेली. तो बसथांब्यावर उभा होता, छत्री मिटलेलीच, खांदे भिजलेले.

रस्ताभर तिने एक नीटसं वाक्य जुळवलं होतं. त्याच्यासमोर आल्यावर त्यातलं काही उरलं नाही.

"मी… दमलेली," ती म्हणाली. "तुम्ही… भिजलेले. कॉफी. चला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग चेहरा अगदी परीक्षकासारखा करून म्हणाला, "आज जमणार नाही. घरी काम आहे."

आता कारण द्यायची पाळी तिची होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, ओल्या चपलेकडे पाहिलं. वर्षभर मुलांना शिकवलेली सगळी कारणं ऐनवेळी कुठे गेली, कोण जाणे.

"थांबू नका," तो हळूच म्हणाला. "व्याकरण चुकलं तरी चालेल."

पाच वाजता त्याची बस आली. दार उघडलं, वाहकाने दोनदा हाक मारली. ती अजून कारण शोधत होती. बस निघून गेली, आणि तो थांब्यावरच होता.