दिवा हसला होता

"दिवा हसला, उतर राजा... दिवा रुसला, थांब राजा..."

शालूबाईचा हा आवाज नाथाजीनं ऐकला तेव्हा त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. हरिपूर त्याचं आजोळ. मामाच्या हळदीचं पेव उघडलं की मामाकडं कामाला असलेली शालूबाई त्याच्या तोंडाशी बसायची आणि पेटता कंदील दोरानं काळोखात सोडत गायची. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात पुरलेला रांजणच. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, पोट तीन पुरुष खोल. बंद पेवात वाईट हवा साचते, दिवा तिच्यात विझतो, म्हणून आधी दिवा आणि मग माणूस. गाण्याला पुढं आणखी काहीतरी होतं. ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.

"झोपलात काय सुभेदार?" एसटी सांगलीत शिरली तसं अंजनाबाईंनी विचारलं.

"जागा हाय. म्हातारपणी माणूस डोळं मिटूनच जागतंय."

अंजना शिर्के साताऱ्याच्या. उमेदीची वर्षं विमा कंपन्यांसाठी मृत्यूंची चौकशी करण्यात गेली. तेव्हा मेलेल्या माणसाची चूक शोधायची, म्हणजे कंपनीला पैसे द्यावे लागत नाहीत. एक दिवस त्याचा वीट आला. आता त्या मेलेल्यांच्या घरच्यांसाठी शोधत. काम तेच, दुखणारे गुडघे तेच. थकवा मात्र दोन्हीकडचा साठला होता. नाथाजी त्यांच्याच गावचा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. पिशवी धरायला आणि चुकीचे प्रश्न विचारायला तो बरोबर असे.

माधवनगरात, यंत्रमागांच्या खडखडाटात, ताहेराची खोली होती. तिचा नवरा तारिक हरिपूरच्या एका व्यापाऱ्याच्या पेवात उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. पोलिसांनी आकस्मिक मृत्यू लिहिला. डॉक्टरांनी कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं.

"उद्या सकाळी विश्वजीतशेठ कागद घेऊन यायचेत," ताहेरा म्हणाली. "तारिकचं काळीज आधीपासून कमजोर होतं, आमची तक्रार न्हाई, असं त्यात लिहिलंय. सही केली की मदत देतो म्हणतात. ताई, पोत्यावर पोतं घेऊन जिना चढायचा तो. त्याचं काळीज कमजोर न्हवतं."

कोपऱ्यात तिचा थोरला दीर हाफिज उकिडवा बसला होता. तोही त्याच शेठकडं कामाला. भावाच्या घरी तांदळाचं पोतकं घेऊन आला होता आणि सांडू नये म्हणून त्याचं तोंड सुतळीनं आवळत होता, डाव्या हातानं, खालमानेनं.

"सही कर म्हणतोय मी तिला," तो पुटपुटला. "कोर्टात गेलं की पोटाचं काय? केस लढायची का भरपाई घ्यायची? दोन्ही थोडंच हुतंय?"

"होतं," अंजनाबाई म्हणाल्या. "कामावर माणूस गेला तर भरपाईचा दावा कामगार न्यायालयात. कुणाच्या हयगयीनं गेला तर फौजदारी वेगळी. एक केली म्हणून दुसरी सुटत नाही. आणि मृत्यूची भरपाई अशी घरात येऊन हातावर ठेवायची नसते, ती न्यायालयातच भरायची. पण ताहेरा, आजार होता असं तूच लिहून दिलंस, तर उद्या तेच तुझ्यापुढं नाचवतील."

"मग मी काय करू?"

"उद्या मी येईपर्यंत सही करू नकोस. एवढंच."

हाफिजनं सुतळीची गाठ आणखी आवळली.

हरिपुरात महापुरांनी बरीच पेवं बुडवली होती. उरलेल्यांपैकी एक विश्वजीतच्या वखारीमागं होतं. विश्वजीत तिशीचा, घडीचा शर्ट, बोलणं मऊ.

"बाई, नियमानं सगळं झालं. पेव उघडलं, दिवा सोडला, दिवा जळत राहिला. मगच तारिक उतरला. आता हवा चांगली असताना माणूस मरतो म्हणजे काय? छातीच ना? विचारा आमच्या मुकादमाला."

मुकादम गुंडाप्पा, सगळे त्याला गुंडा म्हणत, डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला.

"आवं, ह्या हातानं सोडला दिवा. दोर संपेस्तवर सोडला. वाकून बघितलं. हसत हुता दिवा, खोटं बोलंन तर जीभ झडंल! तारिक म्हनला, जातो मामा. दोन पोती भरायचा अवकाश, आवाजच बंद. हाका मारल्या, मारल्या..."

"दिवा वर काढल्यावर नीट पाहिला होता?"

"जळतोय का तेवढं बघितलं. आनि काय बघायचं?"

"दोर किती लांब, कधी मोजलात?"

"मोजायचा कशाला? पेवाच्याच मापाचा हाय. माझ्या आदीपास्नं ह्या कडीला बांधल्याला."

खरंच, दोराचं एक टोक पेवाच्या तोंडाशी लोखंडी कडीत पक्कं होतं, गंजानं तांबडं झालेलं. दुसऱ्या टोकाला कंदील. नाथाजीनं तो उचलून पाहिला. वखारीत हळदीशिवाय दुसरा रंग नव्हता. भिंती पिवळ्या, मांजर पिवळं, घाम पुसून त्याचा रुमालही पिवळा. कंदिलाच्या बुडानं मात्र हात काळा केला.

"हात्तिच्या! रुमाल गेला माझा," नाथाजी काजळी पुसत म्हणाला.

अंजनाबाईंनी कंदिलाची गाठ उलटसुलट पाहिली. दोराचं टोक पांढरंफेक होतं, नुकतं कापल्यासारखं.

दारात टेंपो होता. टेंपोवाला सूरज टपावर बसून शेंगा खात होता.

"त्या दिवशी? सकाळी भरलेला माल मार्केट यार्डात न्यायचा हुता, हळदीच्या सौद्याची वेळ झालेली. ताडपत्रीला दोर कमी पडला. आतनं कुणीतरी आणून बांधला, मी बघितलं न्हाई. त्यो काय, अजून बांधल्यालाच हाय."

ताडपत्रीवरचे बाकीचे दोर वापरून मळकट पिवळे झाले होते. हा एक पांढरा, आणि फक्त एका टोकाला, हातभर, गर्द पिवळा. अंजनाबाईंनी त्या टोकाचा वास घेतला.

"रॉकेल," त्या म्हणाल्या. मग गाठीकडं बघत राहिल्या. "सुभेदार, तुम्ही गाठ मारता तेव्हा पीळ कुठल्या बाजूला जातो?"

"हितं माणूस मेलंय आणि बाई तुमी गाठी काय मोजताय?"

"गाठी मोजत नाही. हात शोधतेय."

परतीच्या रिक्षात त्या डोळे मिटून बसल्या. नाथाजीला वाटलं, या बाईला एकदा पोटभर झोप लागली पाहिजे.

सकाळी विश्वजीत कागद आणि पेन घेऊन ताहेराच्या खोलीत आला. अंजनाबाईंनी गुंडालाही बोलावलं होतं. हाफिज त्याच कोपऱ्यात, त्याच तांदळाच्या पोतक्याशेजारी.

"सुभेदार, रुमाल दाखवा," अंजनाबाई म्हणाल्या.

नाथाजीनं संकोचून रुमाल उलगडला. एकीकडं पिवळा, एकीकडं काळा.

"हा पिवळा त्या वखारीतल्या वाऱ्यानं झाला. पण ज्या कंदिलानं हळदीच्या पेवाचा तळ गाठला, त्याच्या बुडाला नुसती काजळी? हळदीचा कणसुद्धा नाही?"

नाथाजीच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. इतकी वर्षं दडून बसलेली ओळ आपल्या पायांनी चालत आली. तो चक्क गायला लागला, फाटक्या आवाजात:

"दिवा हसला, उतर राजा... दिवा रुसला, थांब राजा... पिवळ्या पायी आला परत, तरच त्याचं ऐक राजा!"

गुंडानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं आई गं! म्हाताऱ्या बाया दिव्याचं बूड बघायच्या. आमी नुसतं त्वांड बघितलं."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत, मुकादम," अंजनाबाईंचा आवाज मऊ झाला. "दोर संपेपर्यंत दिवा सोडलात. दिवा हसत होता, हेही खरं. पण तो मध्येच लोंबत होता. वाईट हवा जड असते, तळाशी बसते. दिवा तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तारिक पोचला."

ताहेरानं पदर तोंडात धरला.

"दोर पेवाच्या मापाचा होता, कडीचं टोक जागचं हललेलं नाही. म्हणजे कंदिलाकडचा तुकडा गेला. वर्षानुवर्षं तेच टोक कंदिलाबरोबर हळदीत लोळायचं, म्हणून हातभर गर्द पिवळं, रॉकेलच्या वासाचं. ते टोक आज सूरजच्या ताडपत्रीला आहे. पंचनामा करा असा अर्ज मी पोलिसांकडं दिलाय. ताडपत्री सकाळी बांधली, पेव त्यानंतर उघडलं. तारिकचं काळीज ठणठणीत होतं, ताहेरा."

विश्वजीतनं पेनाला टोपण लावलं. गडबडला, पण सावरला.

"असेल. कामगारांनी आपापसात दोर कापला असेल. मला कोण विचारतंय? मी यात कुठं येतो?"

"भरपाईच्या दाव्यात येताच. तिथं तुमची चूक सिद्ध करावी लागत नाही, माणूस तुमच्या कामावर गेला एवढं पुरतं. राहिली फौजदारी." अंजनाबाई थांबल्या. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं, हे नाथाजीला कळलं. "कंदिलाची नवी गाठ आणि ताडपत्रीची गाठ, दोन्हींचा पीळ उलटा आहे. डावखुऱ्या माणसाचा. दोर कुणाच्या हातानं कापला ते गाठ सांगते. कुणाच्या तोंडानं कापला, ते गाठीला सांगता येत नाही."

त्यांनी कुणाकडंच पाहिलं नाही. पण ताहेराची नजर हळूहळू तांदळाच्या पोतक्याकडं गेली. सुतळीच्या गाठीवर थांबली. मग त्या गाठीशेजारच्या हातांवर.

बाहेर माग खडखडत होते.

"भाईजान?" ती म्हणाली.

"हाफिज, नीट विचार कर," विश्वजीत घाईनं म्हणाला. "कापणारा तू. आत तूच जाशील."

हाफिजनं अंजनाबाईंकडं पाहिलं. "खरं हाय व्हय, ताई?"

"तुला त्रास होणारच नाही, असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं आता खोटा धीर उरलेला नाही. पण तू गप्प बसलास तर कोर्टात फक्त तुझे हात दिसतील."

हाफिज उठला. भावजयीपुढं येऊन जमिनीवर बसला, आणि तारिक गेल्यापासून जे बोलला नव्हता ते बोलला.

"सौद्याला उशीर झालेला. शेठ म्हणाले, दिव्याचा दोर काप. मी म्हणालो, मग दिवा तळाला पोचायचा न्हाई. म्हणाले, आज कुठं पेव उघडायचंय, उद्या नवा आणू. मी कापला, ताहेरा. टेंपोसंग यार्डात गेलो. माझ्या माघारी त्यांनीच पेव उघडायला लावलं, तवा दोर तोकडा हाय हे त्यांना ठावं होतं. त्या जागेवर ठावं असलेला दुसरा मीच, आणि मी तिथं न्हवतो. हात माझा होता. हुकूम त्यांचा. जजसायबाम्होरं दोन्ही सांगतो. तू सही करू नको."